गिटारच्या दांडीतला ट्रस रॉड आणि आलापल्लीचा साग : एका जुन्या वादाचा आढावा

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार हाताने घडवणाऱ्याला पहिल्या काही निर्णयांतच दांडीच्या पोटात लोखंड, म्हणजे ट्रस रॉड, घालायचे की नाही, हे ठरवावे लागते. घालायचे तर कोणते, किती खोल, डिंक लावून की मोकळे, आणि त्याची चावी डोक्याकडे ठेवायची की पोटाच्या भोकाकडे, हे प्रश्न लगेच मागे येतात. फिंगरबोर्ड एकदा चिकटला की यातले काहीही सहज बदलता येत नाही. म्हणून जगभरचे कारागीर गेली शंभर वर्षे यावर वाद घालत आले आहेत.

हा आढावा गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी-आलापल्लीच्या बाजूने घेण्याला कारण आहे. या भागातला साग देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेलेला साग याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला होता. दारे, चौकटी आणि पलंग यांपलीकडे या लाकडाचा विचार मात्र क्वचित होतो. गिटारच्या दांडीसाठी जगाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले होंडुरास महोगनी २००३ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. स्पॅनिश सीडरही २०२० पासून तिथेच आहे. अशा वेळी इथल्या सागाची दांडी चालेल का, आणि चालली तर तिच्यात ट्रस रॉड कसा बसवावा, हा प्रश्न खरोखरच विचारण्याजोगा आहे.

वाद कुठून सुरू झाला

जुन्या गिटारला आतड्याच्या तारा असत. त्यांचा ताण कमी, म्हणून लाकडाची दांडी ती ओढ सहज सहन करी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत स्टीलच्या तारांची मागणी वाढली. सहा स्टीलच्या तारांचा हलका संच स्वरात लावला की एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो. नायलॉनच्या तारांचा ताण साधारण त्याच्या निम्मा असतो. तार दांडीच्या पाठीपासून दूर, वरच्या बाजूने धावते, त्यामुळे ही ओढ दांडीला नुसती दाबत नाही, तर वाकवते. तिरकमठ्याची दोरी जशी कमठीला बाक देते तसेच हे आहे.

यावर पहिला उपाय होता दांडी जाड ठेवण्याचा. दुसरा होता तिच्या पोटात आबनुसासारख्या कठीण लाकडाची पट्टी घालण्याचा. तिसरा उपाय गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढला: दांडीत पोलादाची कांब बसवायची आणि तिच्या टोकाच्या नटने ती हवी तशी ताणायची. या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९२३ मध्ये मिळाले. दांडी बारीक करता आली, वादकाच्या हाताला सोपी झाली आणि वाकली तर पुन्हा सरळ करण्याची सोय झाली.

मार्टिन कंपनी मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिने १९३४ च्या सुमारास इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची न फिरणारी पोलादी पट्टी वापरायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई आली, तेव्हा तीच कंपनी काही वर्षे पुन्हा आबनुसाच्या पट्टीकडे वळली. १९६७ मध्ये चौकोनी पोलादी नळी आली आणि फिरवता येणारा रॉड मार्टिनने स्वीकारला तो थेट १९८५ मध्ये. म्हणजे पेटंट निघाल्यावर साठ वर्षे, जगातल्या सर्वांत नावाजलेल्या अकूस्टिक गिटारी फिरवता येणाऱ्या रॉडवाचून उत्तम चालत होत्या. वाद नुसता जुन्या-नव्याचा नव्हता हे यावरून कळते.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाजूचा अनुभव याच्या उलट आहे. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये सुरुवातीच्या गिटारी मेपलच्या दांडीत रॉड न घालता काढल्या. दांड्या वाकल्याच्या तक्रारी आल्या आणि लवकरच रॉड घालावा लागला. मेपल हे कठीण, ताठ लाकूड आहे. तरीही हे घडले.

रॉड काय करतो, काय करत नाही

वादातला निम्मा गोंधळ इथे आहे, म्हणून यावर थोडे थांबायला हवे.

तार छेडली की ती मधल्या भागात सर्वांत जास्त हलते. दांडी अगदी सरळ असेल तर तार पडद्यांवर आपटून खरखरते. म्हणून दांडीला पुढच्या बाजूने अगदी किंचित खोलगटपणा लागतो. कारागीर त्याला रिलीफ म्हणतात. अकूस्टिक गिटारला सातव्या-आठव्या पडद्याजवळ साधारण ०.१५ ते ०.३ मिलीमीटर पुरतो, म्हणजे दोन-तीन कागदांच्या जाडीइतका.

आता ढोबळ हिशेब करून पाहू. तारांचा ताण सत्तर किलो धरला, तार दांडीच्या मध्यअक्षापासून बारा मिलीमीटर वर धरली आणि बारीक घडवलेली, आत काही नसलेली लाकडी दांडी घेतली, तर डोक्याजवळ तारा टेकतात त्या नटपासून चौदाव्या पडद्यापर्यंतच्या भागात बाक अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त येतो. पाहिजे त्याच्या दुप्पट-तिप्पट. लाकूड वर्षानुवर्षे ताणाखाली राहिले की हळूहळू आणखी सैलावते, हा भाग वेगळा. रॉडचे खरे काम हा फरक भरून काढण्याचे आहे. चावी फिरवली की रॉड दांडीला तारेच्या उलट दिशेने वाकवतो.

पण रॉडमुळे दांडी फार मजबूत होते, ही समजूत बरोबर नाही. पाच मिलीमीटर जाडीची गोल कांब स्वतःच्या ताठपणाने दांडीत जी भर घालते ती अगदी थोडी असते. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दांडीची खोली दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून मार्टिनची चौकोनी नळी किंवा कार्बनतंतूची उभी पट्टी ताठपणासाठी खूप उपयोगी, तर बारीक गोल कांब मुख्यतः समायोजनासाठी. ताठपणा आणि समायोजन या दोन वेगळ्या गरजा आहेत. ज्या चर्चेत त्या एकत्र मिसळतात ती चर्चा पुढे सरकत नाही.

रॉडने न होणारी कामेही आहेत. तारा पडद्यांपासून फार उंच असतील आणि त्याचे कारण दांडी-पोटाच्या जोडाचा कोन बदलणे हे असेल, तर रॉड ते दुरुस्त करत नाही. तिथे दांडी काढून कोन नव्याने बसवावा लागतो. दांडीने पीळ खाल्ला असेल तर साधा मधला रॉड तो पीळ काढत नाही. चौदाव्या पडद्याच्या पुढे, पोटावरच्या भागातही त्याची सत्ता चालत नाही.

कोण काय म्हणते

पहिली भूमिका धातूच नको, अशी. शास्त्रीय स्पॅनिश गिटारचे बहुतेक कारागीर हेच सांगतात. नायलॉनचा ताण कमी, दांडी रुंद आणि जाड, फिंगरबोर्ड आबनुसाचा. मग कांबेची गरज काय? फार तर दांडीत आबनुसाची किंवा कार्बनची पट्टी घालावी. वजन कमी राहते, आणि दांडीत पोकळी कमी असेल तर कंप अखंड राहतात, असे ते मानतात. नायलॉनपुरते हे म्हणणे भक्कम आहे.

आपल्याकडच्या सतार-तंबोऱ्याची परंपरा इथे आठवते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडतात. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तून किंवा सागाची पोकळ दांडी, तिच्यात कोणतीही कांब नाही, आणि वाद्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मग गिटारलाच लोखंड कशाला, असा प्रश्न सहज येतो. उत्तर वाद्याच्या रचनेत आहे. सतारीचे पडदे कमानदार आणि उंच असतात, ते दोऱ्याने बांधलेले असून सरकवता येतात, आणि वादक तार बाजूला ओढून मींड काढतो. दांडीला थोडा बाक आला तरी वाजवण्यात अडचण येत नाही. तंबोऱ्यावर तर बोटाने दाबायचे नसतेच. गिटारचे पडदे ठोकून पक्के केलेले, तार आणि पडदा यांतले अंतर एक-दोन मिलीमीटरचे. तिथे पाव मिलीमीटरही महत्त्वाचा ठरतो. याच न्यायाने सरकपट्टीने वाजवायच्या हिंदुस्थानी गिटारला रिलीफची चिंता नसते. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेसारख्या वाद्यात तारा खूप असल्याने दांडीच्या ताकदीची मात्र मोठी चिंता असते. मिरजेचा अनुभव लाकूड निवडण्यात आणि मुरवण्यात आपल्याला खूप शिकवतो. रॉडच्या प्रश्नावर त्यातून सरळ निकाल काढता येत नाही.

दुसरी भूमिका न फिरणाऱ्या कांबेची. टी-पट्टी, चौकोनी नळी, किंवा आजच्या काळात कार्बनतंतूच्या एक-दोन उभ्या पट्ट्या. या पक्षाचे म्हणणे असे की दांडी पुरेशी ताठ केली आणि घडवतानाच तिला योग्य रिलीफ दिला, तर पुढे फिरवायची वेळच येऊ नये. वादकाच्या हाती चावी देणे म्हणजे अर्धवट ज्ञानाने दांडी बिघडवण्याची मुभा देणे, असेही ते बजावतात. या भूमिकेची अडचण हीच की कारागिराचा अंदाज चुकला, किंवा वादकाने नंतर जाड तारांचा संच लावला, तर दुरुस्ती महाग पडते: पडदे काढून फिंगरबोर्ड पुन्हा रंधावा लागतो.

तिसरी भूमिका एकेरी रॉडची, म्हणजे मॅकह्यूच्या वारशाची. कांब एका टोकाला अडकवलेली, दुसऱ्या टोकाला नट. नट आवळला की दांडीची पाठ दाबली जाते आणि दांडी मागे झुकते. काही कारागीर कांबेची खाच वक्र करतात, मध्यभागी खोल आणि टोकांना उथळ, म्हणजे ताणताना कांब सरळ होऊ पाहते आणि मधला भाग वर उचलते. काही सरळ खाचच पसंत करतात, फक्त ती दांडीच्या मध्यअक्षाखाली असावी लागते. एकेरी रॉड हलका, स्वस्त आणि बारीक खाचेत मावणारा. पण तो एकाच दिशेने काम करतो. दांडी मुळातच मागे झुकली तर नट सैल करण्यापलीकडे काही हाती उरत नाही.

चौथी भूमिका दुहेरी रॉडची. दोन कांबा, किंवा एक कांब आणि एक चपटी पट्टी, टोकांना जोडलेल्या. चावी एका दिशेने फिरवली तर जोडी पुढे वाकते, दुसऱ्या दिशेने मागे. हा रॉड दांडीला लांबीच्या दिशेने दाबत नाही. स्वतः वाकून लाकडाला वाकवतो. आज हाताने गिटार घडवणाऱ्यांत याचा वापर सर्वांत जास्त दिसतो. त्याचे वजन जास्त, खाच रुंद आणि खोल लागते, आणि नीट बसला नाही तर तो आतून खडखडतो.

या चार पक्षांच्या सीमा पूर्वीइतक्या पक्क्या राहिलेल्या नाहीत. मधे दुहेरी रॉड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या पट्ट्या, अशी मिश्र रचना अनेक जण करतात. ताठपणा कार्बनकडे, समायोजन रॉडकडे. वर सांगितलेल्या दोन वेगळ्या गरजांचा हा सर्वांत सरळ स्वीकार आहे असे मला वाटते.

बसवताना होणारे मतभेद

कामाच्या क्रमावर बहुतेकांचे एकमत आहे. दांडीचा ठोकळा चारही बाजूंनी चौरस असतानाच खाच काढावी. पाठ गोल केल्यावर राऊटरला आधार मिळत नाही. दुहेरी रॉडसाठी सहसा सहा मिलीमीटर रुंद आणि दहा-अकरा मिलीमीटर खोल खाच लागते, पण रॉड हातात आल्यावर तो मोजूनच काढावी. एका दमात पूर्ण खोली न घेता दोन-तीन मिलीमीटरच्या फेऱ्यांनी जावे. खाचेच्या तळाखाली, पाठ घडवून झाल्यावर, किमान तीन-चार मिलीमीटर लाकूड उरले पाहिजे. पाठीचा आकार काढताना हे विसरले की एक दिवस पटाशी आरपार जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खाच काढण्याआधी दांडीचा उभा छेद पूर्ण मापात कागदावर काढावा, ही सूचना जवळजवळ प्रत्येक अनुभवी कारागीर देतो.

मतभेद पुढे सुरू होतात. डिंकाबाबत एक पक्ष म्हणतो की रॉड पूर्ण मोकळा हवा, खाचेत घट्ट पण सरकता. दुसरा टोकाच्या ठोकळ्यांना थेंबभर इपॉक्सी लावतो म्हणजे रॉड फिरणार किंवा सरकणार नाही. मधल्या भागात डिंक जाऊ नये यावर दोघेही ठाम आहेत, कारण आटे चिकटले की रॉड कायमचा निकामी. फिंगरबोर्ड चिकटवताना खाचेवर बारीक टेप लावून ठेवणे आणि डिंक वाळण्याआधी तो काढणे हा सोपा उपाय. खडखड टाळायला काही जण मेण वापरतात, काही लवचिक सिलिकॉनचे दोन-तीन ठिपके, काही रॉडवर पातळ नळी चढवतात. यांत कोणता उपाय श्रेष्ठ, याचा निवाडा झालेला नाही. रॉडची कोणती बाजू वर, हे मात्र बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच ठेवावे. उलटा बसला तर चावीची दिशा उलटते, आणि काही प्रकार तर कामच करत नाहीत.

चावी कुठे, हा सर्वांत जुना वाद. डोक्याकडे ठेवली तर हात सहज पोचतो, पण दांडीच्या सर्वांत बारीक जागी, तारांच्या नटच्या मागे, खड्डा पडतो. गिब्सनच्या गिटारी पडल्यावर नेमक्या इथे मोडतात हे सगळ्या दुरुस्ती करणाऱ्यांना माहीत आहे; लाकडाच्या रेषा तिथे तिरप्या होतात आणि वरून खड्डा. पोटाकडे ठेवली तर डोके अखंड राहते, पण लांब एलन-की पोटाच्या भोकातून आत घालावी लागते आणि वरच्या आडव्या पट्टीला भोक पाडावे लागते. ती पट्टी तबलीचा, म्हणजे पोटावरच्या फळीचा, भार सोसते, म्हणून भोकाभोवती लाकूड जाड ठेवावे लागते. दोन्हीकडे किंमत मोजावी लागते. दुरुस्तीची दुकाने दूर असलेल्या गावात, गिटार मोडण्याचा धोका जिथे कमी तोच पर्याय घ्यावा, असे माझे मत आहे. म्हणजे चावी पोटाकडे.

आलापल्लीचा साग दांडीसाठी

आता लाकडाकडे. चांगल्या मुरलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, होंडुरास महोगनीचे ५९० च्या आसपास, स्पॅनिश सीडरचे ४७०. ताठपणात साग या दोघांच्या पुढे आहे. एका दांडीत साधारण अर्धा लिटरभर लाकूड असते, म्हणजे महोगनीपेक्षा सागाची दांडी पंचवीस-तीस ग्रॅमने जड होईल. हा फरक हाताला जाणवणार नाही. दुहेरी पोलादी रॉडचे वजन याहून अधिक असते.

पाणी खाण्या-सोडण्यात साग कमी हलतो, ही त्याची ख्याती खरी आहे. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो त्रिज्येच्या दिशेने २.६ टक्के आणि वलयांच्या दिशेने ५.३ टक्के आटतो. महोगनीचे हेच आकडे २.९ आणि ४.३. बेरीज जवळपास सारखी, पण सागात दोन दिशांमधला फरक दुपटीचा आहे. याचा अर्थ असा की तिरपा काप घेतला तर सागाने पीळ खाण्याचा धोका महोगनीपेक्षा जास्त. दांडीसाठी त्रिज्येच्या दिशेने काढलेला, सरळ रेषांचा कापच घ्यायला हवा. पीळ रॉडने निघत नाही, हे वर आलेच आहे.

सागाच्या दोन अडचणी कारागीर नेहमी सांगतात. एक, त्यातले तेल. ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर लगेच डिंक लावला, किंवा आधी ॲसिटोनने पुसले, तर जोड चांगला बसतो. चार दिवस उघडे ठेवलेल्या पृष्ठावर तो दगा देऊ शकतो. दोन, त्यातली सिलिका. राऊटरची पाती आणि रंध्याचे पान भराभर बोथट होते, आणि बोथट पात्याने काढलेल्या खाचेच्या भिंती जळतात व वेड्यावाकड्या होतात. रॉड खाचेत घट्ट बसायचा असेल तर नवे कार्बाइडचे पाते वापरणे भाग आहे.

डिंकाबद्दल आणखी एक गोष्ट. सुताराच्या हाताशी असणारा पांढरा पीव्हीए डिंक उष्णतेत मऊ होतो आणि सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद गाडीत याहून कितीतरी वर. दांडीचा फिंगरबोर्ड आणि जोड यांसाठी सरेस किंवा उष्णता सोसणारे इपॉक्सी बरे.

इथल्या जंगलात सागाशिवाय विचार करण्याजोगी इतर झाडेही आहेत. शिवण हलके, कमी हलणारे आणि वाद्यांसाठी पूर्वीपासून वापरात असलेले लाकूड. शिसव फिंगरबोर्डसाठी जगभर नावाजलेले. शिसवासह डालबर्जियाच्या जवळजवळ साऱ्या प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट आहे, कच्च्या लाकडाला नाही. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण जड आणि सुकताना तडकणारा. गिटारच्या दांडीसाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. लाकूड कोणतेही असो, ते शासकीय आगाराच्या लिलावातले किंवा परवानाधारक विक्रेत्याचे, पावती आणि वाहतूक परवान्यासह घेतलेले असावे. सागाच्या बाबतीत हे इथे नुसते औपचारिक नाही. याच जंगलांत चोरटी तोड हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे.

मे आणि ऑगस्ट

ट्रस रॉडची बहुतेक चर्चा अशा देशांत झाली जिथे घरे आणि कारखाने वर्षभर एकाच हवामानात राखता येतात. अहेरीत प्राणहितेच्या काठावर तसे नाही. मे महिन्यात कोरड्या हवेत उघडे लाकूड पाच-सहा टक्के ओलाव्यापर्यंत खाली येऊ शकते. जुलै-ऑगस्टच्या सततच्या पावसात तेच सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत चढते. हा चढउतार गिटारच्या सर्वच भागांवर परिणाम करतो. पावसात तबली फुगते आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात ती बसते, तारा खाली येतात आणि पडद्यांची टोके फिंगरबोर्डच्या कडेबाहेर हाताला लागू लागतात. यातले बरेचसे रॉडचे काम नाही, पण वादक पहिल्यांदा चावीच शोधतो.

दांडीच्या बाबतीत ओलाव्याने बाक कोणत्या दिशेने जाईल हे सगळ्या गिटारींना सारखे नसते. दांडीचे लाकूड आणि फिंगरबोर्डचे लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि जो जास्त फुगतो तो बाकाची दिशा ठरवतो. ओलसर लाकूड शिवाय तारेच्या ओढीला अधिक नमते. हे दोन परिणाम कधी एकमेकांत भर घालतात, कधी एकमेकांना खोडतात. म्हणून मोठ्या चढउताराच्या प्रदेशात दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या रॉडची बाजू भक्कम होते. थंड देशांत दुहेरी रॉड ही सोय असेल. इथे ती गरजेच्या जवळ जाते.

याहून महत्त्वाचे आहे मुरवणे. वर्षाला इंचभर जाडी सुकते हा सुतारांचा जुना अंदाज दांडीच्या ठोकळ्यासाठी अपुरा आहे. ठोकळा किमान दोन पावसाळे सावलीत, हवेशीर रचून ठेवावा, खाच काढल्यावर पुन्हा काही आठवडे विसावू द्यावा, आणि आलेला बाक रंधून मगच फिंगरबोर्ड लावावा. खाच काढताना लाकडातला अडकलेला ताण मोकळा होतो आणि ठोकळा त्याच दिवशी हलतो, असा अनुभव पुष्कळांचा आहे. कच्च्या लाकडाच्या दांडीला कोणताही रॉड वाचवू शकत नाही.

न सुटलेले प्रश्न

आवाजाचा प्रश्न सर्वांत मोठा आणि सर्वांत अनिर्णीत. धातूने दांडी जड झाली की स्वर अधिक टिकतो असे काही म्हणतात. लाकडी दांडीचा स्वर मोकळा असे काही. दांडीच्या वजनाने आणि ताठपणाने तिचे स्वतःचे कंप बदलतात हे निर्विवाद आहे. ते बदल ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतात का, आणि पोचले तर तबली व तारांच्या फरकांपुढे ते किती मोठे, हे ठरवायचे तर एकाच लाकडाच्या, एकाच कारागिराच्या, फक्त रॉड वेगळा असलेल्या गिटारी डोळे बांधून ऐकायला हव्यात. हाताने घडवलेल्या वाद्यांत दोन तबल्याच सारख्या नसतात, त्यामुळे ही तुलना अवघड राहते.

दुसरा प्रश्न काळाचा. महोगनी आणि मेपलच्या दांड्या सत्तर-सत्तर किलोच्या ताणाखाली शंभर वर्षे कशा वागतात याचा अनुभव जमा आहे. सागाच्या स्टील-तारांच्या दांड्यांचा तेवढा अनुभव नाही. सतारीचा अनुभव जवळचा, पण वेगळ्या रचनेचा. तिसरा प्रश्न पट्ट्या चिकटवून केलेल्या दांडीचा. तीन किंवा पाच पट्ट्या उलटसुलट रेषांनी जोडल्या तर पीळ एकमेकांना थोपवतो, ठोकळ्याला लागणारे मोठे लाकूड वाचते आणि मधल्या पट्टीतून खाच काढता येते. गडचिरोलीच्या बांबूपासून दाबून केलेल्या फळ्यांचा विचार याच दिशेने होऊ शकतो. बांबूची लांबीच्या दिशेची ताकद उत्तम आहे, पण राऊटरखाली तो कसा वागतो आणि पावसाळ्यात त्याचे जोड कसे राहतात, हे प्रत्यक्ष घडवूनच कळेल.

माझा निष्कर्ष असा. नायलॉनच्या तारांच्या गिटारीला रॉडची सक्ती नाही. स्टीलच्या तारांसाठी, या हवामानात, दोन पावसाळे मुरलेल्या सरळ रेषांच्या सागाची दांडी, तिच्यात मोकळा बसवलेला दुहेरी रॉड, चावी पोटाच्या भोकाकडे आणि शक्य असल्यास दोन कार्बनच्या पट्ट्या, ही रचना आजच्या ज्ञानावर सर्वांत समर्थनीय आहे. यातले लाकूड आणि हवामान बदलले तर निष्कर्षही बदलेल.

या भागात कुणी अशी गिटार घडवली, तर एक विनंती आहे. दांडीच्या लाकडाचे वजन आणि काप, खाचेची मापे, रॉडचा प्रकार आणि तळाखाली उरलेली जाडी वहीत लिहून ठेवा. मग चावीला हात न लावता एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये सातव्या पडद्याजवळचा रिलीफ फीलर गेजने मोजा, आणि पुढची काही वर्षे मोजत राहा. सागाच्या दांडीबद्दलचा सर्वांत मोठा प्रश्न या नोंदींवाचून सुटणार नाही.